ग्रिलमधला मळा आणि त्याचे वाटेकरी

मुंबईच्या बिल्डरांना एके काळी फुलांचं फार वेड होतं, असं जुने नकाशे पाहून कुणालाही वाटेल. प्रत्येक खिडकीबाहेर एक ठिपक्यांची चौकट आणि तिच्यात लिहिलेलं: 'फ्लॉवर बेड'. हॉलला एक, बेडरूमला एक, एखाद्या उदार आर्किटेक्टने तर स्वयंपाकघरालाही एक दिलेला. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कागदावर नुसती शेवंती डोलत होती. प्रत्यक्षात त्यांतल्या फारच थोड्यांनी मातीचं तोंड पाहिलं. कारण साधं होतं. फ्लॉवर बेड चटईक्षेत्रात धरला जात नसे. बिल्डर तो सढळ हाताने द्यायचा, त्याचे पैसे तितक्याच सढळ हाताने घ्यायचा, आणि ताबा मिळाला की घरमालक मधली भिंत पाडून तिथे लादी बसवायचा. फुलं यायची त्या जागी सोफा आला. मग २०१२च्या जानेवारीत नियम बदलले. बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे, सगळं चटईक्षेत्रात मोजायचं ठरलं, बदल्यात घरांसाठी ३५ टक्के 'फंजिबल', म्हणजे हवं तिथे वापरता येणारं जादा क्षेत्र देऊ केलं गेलं, आणि बिल्डरांचं पुष्पप्रेम जे आटलं ते आटलंच.

आमची इमारत त्या पुष्पयुगाच्याही आधीची. तिला फ्लॉवर बेड नाही, बाल्कनी नाही, लिफ्टही नाही. तिला ग्रिल आहे. खिडकीबाहेर काढलेला हा लोखंडी पिंजरा मुळात चोरांसाठी बसवला होता. चोर काही आले नाहीत. मग त्यात लोणच्याच्या बरण्या आल्या, ओली पायपुसणी आली, थर्मोकोलचं मखर 'पुढच्या वर्षी उपयोगी पडेल' म्हणून येऊन राहिलं, आणि शेवटी कुंड्या आल्या. लांबी सहा फूट, रुंदी दोन फूट. एवढ्या जमिनीवर मी भाजी करतो.

या उद्योगाबद्दल माझं एक मत आहे आणि ते मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. भाजी लावणं हे अर्ध्या तासाचं काम. उरलेलं वर्षभर माणूस राखण करतो. राखण करता करता त्याच्या लक्षात येतं की, आपल्या वांग्यावर आपल्याआधी नाव लावून बसलेले पुष्कळ वाटेकरी आहेत आणि त्या रांगेत आपण बरेच मागे उभे आहोत.

तसं पाहिलं तर आम्ही शेतातच राहतो. आमचं घर बोरिवली पूर्वेला, मागाठाण्याच्या अंगाला. वर राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या लेण्यांत जे शिलालेख आहेत त्यांत कुणी पाण्याची पोढी खोदून दिली, कुणी लेणं कोरून दिलं, अशा देणग्यांच्या नोंदी आहेत. त्यांतच मंगलस्थान नावाच्या गावातलं शेत भिक्षुसंघाला दिल्याचा उल्लेख येतो, आणि हे मंगलस्थान म्हणजे आजचं मागाठाणे असं अभ्यासक मानतात. कुणा भल्या माणसाने इथली जमीन कागदपत्र, मुद्रांक, दलाली यांच्याशिवाय दान करून टाकली होती. आता तिथे मेट्रोचं स्टेशन आहे. चौरस फुटाचा आजचा भाव त्या दात्याला कळला तर तो शिलालेख पुसायला छिन्नी घेऊन येईल.

शेती इथून पूर्ण गेली असंही नाही. खाडीपलीकडे गोराईला अजून वाड्या आहेत. वसईच्या बायका पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन उतरतात. आणि पहिल्या पावसानंतर बोरिवली स्टेशनाबाहेर आदिवासी बायका टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कंटोळी मांडून बसतात. ती भाजी कुणी लावलेली नसते, कुणी राखलेली नसते. तिच्यावर मावा पडल्याचं मी पाहिलेलं नाही. कुंडीतल्या पालकाकडे बघताना हे आठवलं की जरा अपमान झाल्यासारखं वाटतं. रुळांच्या कडेला पालक आणि लाल माठाचे हिरवेगार पट्टे दिसतात, ती रेल्वेची जमीन. 'अधिक धान्य पिकवा' या दुसऱ्या महायुद्धातल्या घोषणेच्या नावाने रेल्वे आपल्याच कर्मचाऱ्यांना ती कसायला देत आली. त्या पालकाला पाणी कुठल्या नाल्याचं, हा प्रश्न डब्यातले सगळे प्रवासी एकमेकांना विचारतात आणि संध्याकाळी स्टेशनाबाहेर दहाची जुडी घेऊन घरी जातात.

माझ्यापुढचा पहिला प्रश्न मातीचा होता. मुंबईत माती पिशवीतून विकत मिळते. लाल माती दिसायला देखणी, पण कुंडीत एक पावसाळा काढला की ती घट्ट बसते, आणि पाणी वरून घातलं की वरच राहतं. म्हणून जाणकार कुंडीत मातीच कमी घालतात. यात मुंबईकरांचे गुरू डॉ. आर. टी. दोशी. उसाचं चिपाड, वाळका पाला, स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि वर थोडीशी माती एवढ्यावर, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत आणि जुन्या पिंपांत त्यांनी गच्चीवर भाज्या-फळं काढून दाखवली. त्याच वाटेने पुढे प्रीती पाटील यांनी मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग उभी केली. खाली सुमारे ३,००० कर्मचाऱ्यांचं जेवण शिजायचं, त्याची सालं, देठं, खरकटं वर जायचं आणि सुमारे ३,००० चौरस फुटांच्या गच्चीवर त्याची पुन्हा भाजी व्हायची. हे वाचून मी कोपऱ्यावरच्या रसवंतीत चिपाड मागायला गेलो.

"गाय पाळलीय का?" रसवंतीवाल्याने विचारलं.

"नाही, वांगी."

त्याने दोन पिशव्या भरून दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. वेड्याकडून पैसे घेऊ नयेत, असं त्याच्या गावाकडे मानत असावेत.

मातीचं जमलं, पण उन्हाचं जमवता येत नाही. गणित शिकवता शिकवता शेतीत शिरलेले श्री. अ. दाभोळकर आपल्या 'प्रयोग परिवारा'तल्या शेतकऱ्यांना सांगत की, जमीन किती आहे ते नंतर बघा, पानांवर ऊन किती पडतं ते आधी मोजा. मी मोजलं. आमच्या ग्रिलचं तोंड दक्षिणेला. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि ऊन तिरकं होऊन कुंड्या ओलांडून थेट टीव्हीपर्यंत येतं. त्या दिवसांत टोमॅटो, मिरची, वांगी खूश असतात. मे महिन्यात सगळी मुंबई भाजून निघत असते तेव्हा माझ्या कुंड्या मात्र सावलीत. १५ मेच्या सुमाराला तर भरदुपारी सूर्य मुंबईच्या बरोबर माथ्यावर येतो. विज्ञानप्रेमी मंडळी काठी उभी करून 'शून्य सावली दिवस' साजरा करतात. आमच्याकडे त्या दिवशी शून्य ऊन असतं, कारण ते सगळं वरच्या मजल्यावरच्या ग्रिलच्या पत्र्यावर पडतं.

हिवाळ्यातल्या उन्हावर तरी आपला हक्क आहे, असा माझा समज होता. मग समोरची चार मजली इमारत पाडली आणि तिथे टॉवर चढू लागला. दर महिन्याला तो वर सरकायचा आणि माझ्या टोमॅटोंचं ऊन खाली सरकायचं. आता सकाळी दहानंतर जे काही येतं ते त्याच्या काचांवरून उसनं घेतलेलं. त्यांच्या जाहिरातीच्या फलकावर 'घरभर सूर्यप्रकाश' असं लिहिलेलं आहे. खोटं नाही ते. तो प्रकाश आमचा होता.

तेव्हापासून मी वेलांकडे वळलो. वेलाला पाय नसले तरी डोकं असतं. ऊन नसेल तर तो शोधायला निघतो. दोडका लावला आणि तो ग्रिलच्या गजांवरून सरसर वर गेला.

दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. दुधीचंही. घोसाळं, कारलं आणि लाल भोपळा पहाटेवाले. निसर्गाने दोडक्याचं काम रात्रीच्या पतंगांवर सोपवलं आहे, पण ट्यूबलाइटच्या उजेडात वाढलेल्या आमच्या गल्लीतल्या पतंगांना फुलांपेक्षा पंचविसाच्या बल्बचं आकर्षण जास्त. मग परागीकरण माणसाने करायचं. नर फुलं आधी येतात, ढिगाने येतात आणि काही न करता गळून जातात. मादी फूल उशिरा, एकटं, आणि त्याच्या देठाशी बोटाच्या पेराएवढा तयार दोडका. त्याला त्या रात्री पराग मिळाला नाही तर तो पिवळा पडून दोन दिवसांत गळणार. सगळा खेळ सहा ते आठचा. त्या वेळी उपनगरातला नोकरदार माणूस विरार लोकलमध्ये एका पायावर उभा असतो. म्हणून हे काम निवृत्तांचं.

यंदा ते मी करतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात नातीच्या रंगपेटीतला बारीक ब्रश, आणि अर्धं अंग ग्रिलमध्ये. समोरच्या बिल्डिंगमधून हे दृश्य कसं दिसत असेल याचा विचार मी केला नव्हता; त्यांच्या वॉचमनने केला. तो खालून शिट्टी वाजवून "कौन है?" म्हणाला. दोडक्याच्या मादी फुलाला पराग लावतोय, हे हिंदीत, दुसऱ्या मजल्यावरून, मोठ्याने सांगणं फार अवघड आहे. मी "घर का आदमी है" एवढंच म्हणालो.

मादी फुलं जास्त यावीत म्हणून वेलाचा शेंडा खुडायचा, मग फुटलेल्या फांदीचाही शेंडा खुडायचा, तिसऱ्या पिढीच्या फांदीवर फळं धरतात. याला यूट्यूबवर 'थ्री-जी कटिंग' म्हणतात. दुधीवर ते खरंच चालतं. नातीला मी हे कौतुकाने सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, आता फाइव्ह-जी आलंय."

आमचा पहिला दोडका धरला तो नेमका वर, तिसऱ्या मजल्यावर, आप्पांच्या ग्रिलमध्ये. आप्पा राजापूरकडचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांनी फोन केला: "अहो, तुमचा दोडका आमच्याकडे राहायला आलाय. दोन दिवस वाट बघितली, जायचं नाव काढत नाही." आता हा बांधावरच्या झाडाचा प्रश्न झाला. आप्पांच्या गावी बांधावरच्या एका फणसावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. मी म्हटलं, तुमच्याकडे धरलाय, तुम्हीच खा. ते म्हणाले, छे, परक्याचं कसं खायचं. मी म्हटलं, मग द्या. ते गप्प झाले. मग त्यांनीच निकाल दिला: "मूळ तुमचं, ऊन आमचं. निम्मं निम्मं." दाभोळकरांनाही हा हिशेब मान्य झाला असता. शिरांची चटणी कुणाकडे व्हायची यावर मात्र वहिनी आणि आमच्या मंडळींत जिन्यात बराच वेळ चर्चा चालली होती. चटणी आप्पांकडे झाली. आमच्याकडे वाटीभर आली.

हे वाटेकरी सांगून-सवरून आलेले. न सांगता येणाऱ्यांत पहिला मावा. वालपापडीच्या कोवळ्या शेंड्यावर तो एका रात्रीत बसतो. त्याच्या मागोमाग मुंग्या. मुंग्या माव्याला खात नाहीत. त्याच्या अंगातून पाझरणारा गोड रस पितात आणि त्या बदल्यात त्याला ढालकिड्यांपासून वाचवतात. जोगेश्वरीच्या तबेल्यात भय्ये म्हशी सांभाळतात तशीच ही व्यवस्था. फरक एवढाच की चाऱ्याचं बिल माझ्या नावावर.

माव्यावर सोसायटीतल्या प्रत्येक घराकडे एक रामबाण उपाय आहे. आंबट ताक, तंबाखूचं पाणी, चुलीची राख (चूल कुणाकडेच नाही), हिंगाचं पाणी, गोमूत्र. आमच्या वरच्या मजल्यांवरून एकमताने आलेली शिफारस म्हणजे लसूण-मिरचीचा अर्क. एका रविवारी तो फवारला. अर्क गुणकारी होता, पण गुरुत्वाकर्षणालाही मानणारा होता. खाली पहिल्या मजल्यावर भाभींच्या ग्रिलमध्ये पापड वाळत होते. भाभी जैन. कांदा-लसूण त्यांच्या घरात तीन पिढ्यांत शिरलेला नाही. त्या वर आल्या, रागावल्या नाहीत, नुसत्या अविश्वासाने माझ्या वालपापडीकडे बघत म्हणाल्या, "भाऊ, झाडाला पण लसूण?"

तेव्हापासून निंबोळी तेल. लिटरभर पाण्यात पाच मिली, सोबत थोडं साबणाचं पाणी, नाहीतर तेल वर तरंगतं आणि आपण पानांना नुसती आंघोळ घालतो. फवारायचं संध्याकाळी, उन्हात पानं करपतात आणि मधमाश्यांनाही त्रास होतो. भाभींना वास आवडत नाही, पण धर्मात बसतो.

पिठ्या ढेकणाची गोष्ट जरा वेगळी. पपईवर, जास्वंदीवर, वांग्यावर कापूस चिकटल्यासारखा तो दिसतो. पपईवरचा पिठ्या मूळचा मेक्सिकोकडचा. भारतात २००८ साली कोइमतूरला सापडला आणि दोन वर्षांत पपईच्या बागा, तुतीचे मळे झोपवून टाकले. फवारण्या करून लोक थकले, कारण अंगावरच्या मेणामुळे औषध त्याच्यापर्यंत पोचतच नाही. शेवटी २०१०मध्ये शास्त्रज्ञांनी प्युएर्तो रिकोहून एक परोपजीवी कीटक मागवला. आकाराने जेमतेम दिसेल न दिसेल असा. तो पिठ्याच्या अंगात अंडी घालतो, पुढचं त्याची पिल्लं बघून घेतात. काही महिन्यांत पिठ्या आटोक्यात आला. राखणदार म्हणावा तर असा. पगार नाही, शिट्टी नाही, आणि "कौन है" असंही विचारत नाही.

उलटी गोष्ट गोगलगायीची. पावसाळ्यात रात्री आमच्या भिंतींवर मुठीएवढ्या शंखाच्या ज्या गोगलगायी चढतात त्या पूर्व आफ्रिकेतल्या. विल्यम हेन्री बेन्सन नावाच्या निसर्गप्रेमी इंग्रजाने १८४७ साली मॉरिशसहून त्या आणल्या आणि कलकत्त्यात एका बागेत सोडल्या. निसर्गप्रेमी माणसांपासून निसर्ग कसा वाचवायचा, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. मुंबईत त्यांना दोन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस मिळतो, आमच्या तळमजल्यावरचा पालक मिळतो, आणि शंखासाठी लागणारा चुना त्या आमच्या भिंतीचा गिलावा खाऊन मिळवतात. इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करायला आलेल्या इंजिनिअरने प्लॅस्टर गेल्याची अनेक कारणं लिहिली. गोगलगाय त्याच्या यादीत नव्हती. तळमजल्यावरचे सेक्रेटरीकाका त्यांच्यावर मीठ टाकतात. त्याने गोगलगाय मरते, आणि मागोमाग वाफाही.

कबुतरांबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही, कारण २०२५च्या पावसाळ्यात मुंबईने दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं ठेवलंच नव्हतं. कबुतरखाने बंद करायचे की नाही यावर कोर्ट झालं, मोर्चे झाले, दादरला ताडपत्री लागली आणि निघाली. ग्रिलमधल्या शेतकऱ्याचं दुःख या वादात कुणी मांडलं नाही. कबुतर भाजी खात नाही. ते कुंडीत बसतं. कोवळी रोपं उपटून चार काड्या टाकतं आणि दोन अंडी घालतं. अंडी घातली की कुंडी गेली. सुमारे अठरा दिवस उबवणं, मग महिनाभर पिल्लांचं संगोपन, तोवर कोथिंबिरीचा हंगाम संपलेला. 'अंडी हलवा' असं म्हणणारा माणूस आमच्या घरात जन्माला यायचा आहे. मीही म्हणत नाही. शेवटी कबुतरजाळी लावली. तिने कबुतरं थांबली. खारी थांबल्या नाहीत. आणि माकडांना चढायला दोरी मिळाली.

माकडांपाशी जरा थांबायला हवं. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे आणि बोरिवली पूर्व, मुलुंडचे योगी हिल्स अशा त्याच्या कडेच्या वस्त्यांत राहणाऱ्यांना ते किती मोठं आहे यापेक्षा त्याला कुंपण कुठे नाही हे जास्त ठाऊक असतं. टोळी येते ती सकाळी अकराच्या सुमाराला. पुरुष ऑफिसला गेलेले, मुलं शाळेत, कुकरची शिट्टी होऊन गेलेली. वेळेची ही निवड अनुभवातून आलेली आहे. माकड टोमॅटो खात नाही, चाखतं. एक चावा, नापसंती, फेक. दुसरा टोमॅटो, एक चावा, नापसंती. शेवटचा टोमॅटो टाकेपर्यंत त्याचा आशावाद टिकून असतो. २०२३च्या जुलैत टोमॅटो दीडशे रुपये किलोच्या पुढे गेले होते तेव्हा आमच्या कंपाउंडात चावलेल्या टोमॅटोंचा सडा पडला होता, आणि दोन शेजारणी तो सडा बघत काही न बोलता बराच वेळ उभ्या होत्या.

उपाय सगळे झाले. जुन्या सीड्या लटकावल्या. एका नर माकडाने त्यात स्वतःचं तोंड सावकाश पाहिलं आणि समाधानी होऊन मिरच्यांकडे वळला. वानराला माकडं भितात म्हणून कुणीतरी वानराचा फोटो मोठा करून लावला. पाहुण्यांना तो कुटुंबातल्या ज्येष्ठांचा वाटू लागला. रबरी साप आणला. त्याला सगळ्यांत आधी कामवाल्या मावशी घाबरल्या आणि चार दिवस आल्या नाहीत. भाजीचा आणि भांड्यांचा हिशेब मांडल्यावर साप परत पिशवीत गेला. खरी अडचण अशी की ज्या इमारतीत मंगळवारी माकडांवर काठी उगारली जाते त्याच इमारतीत शनिवारी त्यांच्यासाठी केळी येतात. माकडांना आठवड्याचे वार समजत नाहीत. ती सरासरी काढतात, आणि सरासरी त्यांच्या बाजूने आहे.

कान्हेरीच्या भिक्षूंचं मला याबाबतीत कौतुक वाटतं. शंभराहून अधिक लेणी, पावसाचं पाणी साठवायला दारोदारी पोढ्या, आणि आजूबाजूला हीच माकडं, शतकानुशतकं. पण जेवण भिक्षेचं आणि शेत खाली मागाठाण्याला, दुसऱ्या कुणाच्या राखणीत. माकडाने नेण्यासारखं दारात काही ठेवलंच नव्हतं.

आमच्याकडे मध्यम मार्ग म्हणून अळू आहे. त्याला कुणी हात लावत नाही. घशात खवखवणाऱ्या गोष्टींबद्दल माकडांचं ज्ञान पक्कं असतं. एसीचं टपकणारं पाणी पूर्वी खालच्यांच्या कपड्यांवर पडून पत्रव्यवहार व्हायचा. आता ते नळीने अळवाच्या बादलीत जातं आणि श्रावणात कानाएवढी नव्हे, सुपाएवढी पानं येतात. मिरची, ओवा, पुदिना, गवती चहा यांनाही फारसे शत्रू नाहीत. मात्र मिरचीला चुरडा-मुरडा होतो. पांढरी माशी आणि फुलकिडे तो रोग पसरवतात, पानं आक्रसून वाटीसारखी वळतात, आणि मग ते झाड उपटण्याखेरीज काही करता येत नाही. उपटताना त्यावर दोन मिरच्या नेमक्या लागलेल्या असतात.

अळवाचा एकमेव धोका म्हणजे नातेवाईक. पानं बघितल्यावर त्यांना वड्यांची आठवण येते, आणि वड्यांची आठवण आली की ते जात नाहीत.

मे महिन्यात गावी जायचं म्हटलं की हा मळा पायात येतो. सावता महाराज अरण सोडून पंढरपूरला कधी गेले नाहीत, असं परंपरा सांगते आणि त्यातून कीर्तनकार कर्माचं महत्त्व समजावतात. मला वाटतं, कुठल्याही माळ्याला ते कीर्तनाशिवाय समजेल. गेले असते तर पाणी कोणी घातलं असतं? पांडुरंगाला ही अडचण कळली असावी, म्हणून पंढरपूरहून त्याचीच पालखी अरणला येते. आमच्याकडे येणाऱ्यांत वॉचमन आहे. किल्ली त्याच्याकडे द्यायची, पाणी कसं घालायचं ते दाखवायचं आणि परत आल्यावर जे असेल ते गोड मानायचं. तो मनापासून पाणी घालतो. एकाच वेळी, आठवड्याचं.

एवढं सगळं करून वर्षाला हाती काय येतं, असा प्रश्न आमचे जावई विचारतात. ते सीए आहेत. त्यांना मी आकडे देत नाही. राणीच्या बागेत महापालिकेचं फुलं-फळं-भाज्यांचं प्रदर्शन भरतं तिथे कुंड्यांत लगडलेली वांगी पाहून ते म्हणाले, "बाबा, यांना जमतं की." यांच्याकडे पगारी माळी आहेत, भोवती भिंत आहे, आणि माकडं आत पिंजऱ्यात आहेत, एवढं मी त्यांच्या लक्षात आणून दिलं.

आता आमची इमारतही रिडेव्हलपमेंटला चालली आहे. सभेत बिल्डरच्या माणसाने पडद्यावर चित्रं दाखवली. सहाव्या मजल्याच्या पोडियमवर 'ऑरगॅनिक किचन गार्डन', त्यात एकसारखी कापलेली हिरवी पानं आणि ती खुडणारी एक परदेशी दिसणारी बाई. आप्पांनी हात वर करून विचारलं, ऊन किती तास? त्याने पुढचं चित्र लावलं. भाभींनी विचारलं, वरून कुणी काही फवारलं तर? सेक्रेटरीकाकांनी विचारलं, त्या बागेतली भाजी कुणाची, सोसायटीची की ज्याने लावली त्याची? यावर तासभर चर्चा झाली. कॉर्पस फंडावर एवढी झाली नव्हती. ग्रिल मिळणार का, हे मी विचारलं. नवीन इमारतीच्या 'एलिव्हेशन'ला ग्रिल शोभत नाही, असं उत्तर मिळालं.

कंपाउंडात एक शेवगा आहे आणि एक कढीपत्ता. दोन्ही कुणी लावले ते आता कुणालाच सांगता येत नाही, त्यामुळे दोन्हींवर सगळ्यांचा हक्क आहे. कढीपत्त्याची 'चार पानं' न्यायला लोक मागच्या गल्लीतूनही येतात आणि फांदी घेऊन जातात. शेवग्याचं लाकूड ठिसूळ. दर पावसाळ्यात त्याची एक फांदी कुणाच्यातरी गाडीवर पडते आणि त्याला तोडून टाकण्याचा ठराव येतो. शेंगा लागल्या की ठराव मागे पडतो. १९७५च्या वृक्ष कायद्यामुळे पाडकामाआधी झाडांची मोजणी करून परवानगी काढावी लागते. म्हणून परवा एक तरुण मुलगा टेप आणि रंगाचा डबा घेऊन आला. त्याने शेवग्याचा बुंधा मोजला, फॉर्मवर काहीतरी लिहिलं, लाल रंगाने खोडावर क्रमांक टाकला. मग जरा मागे सरकून वर बघितलं. शेंगा भरल्या होत्या.

"काका," तो म्हणाला, "आकडी आहे का तुमच्याकडे? आईने आमटीसाठी सांगितल्या होत्या, चारच पुरे."

आकडी आप्पांकडे होती. ते वरूनच ओरडले, "त्याला सहा दे. आणि दोन मला."